बोरच्या रानाचे बारा महिने



आफ्रिका खंडांतील सेरेंगेटी नांवाच्या विस्तीर्ण माळरानावर दरवर्षीं एक मोठी वारी निघते. दहा लाखांहून अधिक विल्डबीस्ट, म्हणजे गायीसारखीं शिंगें आणि घोड्यासारखी शेपटी असलेलीं जनावरें, पावसामागून आणि कोवळ्या गवतामागून शेंकडों मैलांची फेरी करतात. वाटेंत मारा नदी लागते; नदींत मगरी टपलेल्या असतात आणि कांठावर सिंह वाट पाहत असतात. हा देखावा आतां घरबसल्या पडद्यावर दिसतो. माझा नातू नऊ वर्षांचा आहे. ही वारी कोणत्या महिन्यांत नदीपाशीं पोंचते हें त्याला तोंडपाठ आहे. एके दिवशीं मीं त्याला सहज विचारलें, “बाळ, आपल्या बोरच्या जंगलांत आषाढांत काय घडतें?” तो गप्प राहिला. मग त्याच्या बापाला विचारलें. तोही गप्प राहिला. दोष त्यांचा नव्हे. ज्यांनीं सांगावयाचें त्या माझ्यासारख्या मास्तरांनींच तें कधीं सांगितलें नाहीं. ती चूक थोडीबहुत भरून काढावी, म्हणून आज आपल्याशीं बोलत आहें.

मी कोणी प्राणिशास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलों, शिक्षक झालों, आणि नोकरीचीं बहुतेक वर्षें सेलू तालुक्यांत, बोरच्या जंगलालगतच्या एका खेड्यांत काढलीं. तेंच माझें गांवही होय. शाळेच्या ओट्यावरून रानाची कड दिसे, आणि उन्हाळ्यांत अंगणांत खाट टाकून निजलें, तर मध्यरात्रीं सांबराची धोक्याची हांक कानीं येई. त्या वर्षांत जें पाहिलें, त्यांतलेंच कांहीं सांगतों.

वर्धा शहरापासून पस्तीस-एक किलोमीटरांवर, हिंगणी गांवाच्या पलीकडे, वर्धा व नागपूर या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर हें रान पसरलें आहे. साग, ऐन, तेंदू, मोह आणि वेळू यांचें तें पानझडीचें जंगल. शेजारीं बोर नदीवरील धरणाचा जलाशय. १९७० सालीं त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०१४ सालीं तो महाराष्ट्रांतील सहावा व्याघ्रप्रकल्प झाला. त्या वेळीं तो देशांतील सर्वांत लहान व्याघ्रप्रकल्प होता. त्याच्या गाभ्याचें क्षेत्र अवघें १३८ चौरस किलोमीटर आहे. सेरेंगेटीच्या राष्ट्रीय उद्यानांत आपला सबंध वर्धा जिल्हा दोनदां मावेल आणि वर जागा उरेल. आणि आपल्या या एका जिल्ह्यांत बोरचा गाभा पंचेचाळीस वेळां मावेल. एवढेंसें तें रान.

मग त्याचें महत्त्व कोणतें? तर त्याची जागा. ईशान्येस पेंच, पूर्वेस नवेगांव-नागझिरा, आग्नेयेस ताडोबा, पश्चिमेस मेळघाट. आणि या साऱ्यांच्या मध्यावर बोर. चार दिशांच्या वाटसरूंनीं रात्रीपुरतें उतरावें अशी एखादी धर्मशाळा असते ना, तसें हें रान आहे. धर्मशाळा लहान असली तरी ती मोडली कीं चारी वाटा बंद पडतात.

रानाचें वर्ष, शेतकऱ्याच्या वर्षाप्रमाणेंच, मृगापासून सुरू होतें. पहिल्या सरींपूर्वींच पावशाची ओरड सुरू झालेली असते. पाठोपाठ नवरंग येतो. हिरवा, निळा, तांबडा असे सारे रंग अंगावर वागवणारा हा आंखूड शेपटीचा पक्षी हिवाळा दक्षिणेंत काढतो आणि घरटें बांधावयास आपल्या मध्य भारताच्या रानांत परततो. पंधरा दिवसांपूर्वीं काटक्यांचा सांगाडा वाटणाऱ्या सागाला सुपाएवढालीं पानें फुटतात. १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत रानाचा गाभा पर्यटकांस बंद असतो. पुष्कळांस वाटतें, या तीन महिन्यांत तेथें कोणी नसेल. तसें नाहीं. वाहनें चालत नाहींत तेव्हां वनरक्षक पायीं चालतात. अंगावर पाऊस, पायांखालीं चिखल आणि पांच हातांपलीकडे कांहीं दिसूं नये असें दाट रान, अशा स्थितींत त्यांची गस्त चालू असते. कारण रान आपल्याला बंद असलें, तरी चोरट्या शिकाऱ्याला तें बंद नसतें.

या दिवसांत पाणी सर्वत्र असतें. म्हणून जनावरें पाणवठा सोडून पांगतात. आणि त्याच पावसानें रानाबाहेर वावरांत सोयाबीनचे आणि कपाशीचे कोंब वर आलेले असतात. रोह्याला, ज्याला पुस्तकांत नीलगाय म्हणतात, रान आणि वावर यांतला भेद कळत नाहीं. ‘येथें जंगल संपलें’ अशी पाटी आपण वाचतों. तो वाचीत नाहीं. रोही आणि रानडुक्कर पिकांत आले कीं त्यांच्यामागून, पावलांचा आवाजही न करतां, वाघ येतो. आश्विन-कार्तिकांत सोयाबीन निघून जातें, पण तूर आणि कपाशी उभी असते. पुरुषभर उंचीची दाट तूर म्हणजे जनावराच्या दृष्टीनें रानच. शेतकरी जागलीला मचाणावर बसतो, डबा वाजवतो, बॅटरी फिरवतो. आणि चार रात्रींच्या जागरणानें पांचव्या रात्रीं त्याचा डोळा लागतो. नेमकें त्याच रात्रीं वर्षाचें पीक जातें.

येथें मला माझ्या घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगावयास मला आनंद होत नाहीं.

माझा धाकटा भाऊ आमचें वावर वाहतो. बऱ्याच वर्षांपूर्वींची गोष्ट. लागोपाठ दोन सालें रानडुकरांनीं पीक लोळवलें, तेव्हां त्यानें विजेच्या खांबावर आकडा टाकला आणि वावराभोंवतीं उघडी तार ओढून रात्रीं तींत करंट सोडूं लागला. मला तें ठाऊक होतें. मी एकदां बोललों. तो म्हणाला, “दादा, तुमचा पगार पहिल्या तारखेला येतो. माझा पगार या वावरांत उभा आहे, आणि रोही तो खाऊन जातात.” या वाक्याला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. उत्तर नव्हतें म्हणून मी गप्प बसलों. आणि गंमत अशी, कीं त्याच महिन्यांत इयत्ता सातवीच्या वर्गांत मी विजेचे सुवाहक आणि दुर्वाहक शिकवीत होतों.

एके पहाटे शेजाऱ्याचा मुलगा, माझाच विद्यार्थी, सुटलेला बैल शोधीत आमच्या धुऱ्याकडे आला. तार बंद करावयास भावाला उशीर झाला होता. बैल पुढें होता आणि पोरगा दहा पावलें मागें. बैलाचा पाय तारेला लागला आणि तो उभ्या जागीं कोसळला. पोरगा थांबला. तो कां थांबला, हें त्याला अजून सांगतां येत नाहीं. आम्हीं बैलाची किंमत भरून दिली, शेजाऱ्यानें ती घेतली, आणि गांवांत ती गोष्ट मिटली. माझ्या मनांत मात्र ती मिटली नाहीं. त्या सकाळीं मी शाळेंत गेलों आणि हजेरी घेतली. त्या पोरानें “हजर” म्हटलें, तेव्हां माझ्या हातांतली लेखणी थरथरली.

पुढें २०१७ साल आलें. चंद्रपूर जिल्ह्यांत ब्रह्मपुरीकडे माणसांवर हल्ले केलेली एक तरुण वाघीण त्या वर्षींच्या जुलैंत पकडण्यांत आली, आणि महिन्याच्या अखेरीस गळ्यांत रेडिओचा पट्टा बांधून तिला बोरच्या रानांत सोडण्यांत आलें. रान अनोळखी आणि लहान. ती फार दिवस तेथें टिकली नाहीं. वर्धा, नागपूर, अमरावती या जिल्ह्यांच्या शेतशिवारांतून ती भटकत राहिली. आणखी माणसें मेलीं. गांवोगांव दिवस मावळतांच दारें लागूं लागलीं. तिला ठार मारण्याचा हुकूम निघाला, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढें गेलें, आणि तिच्या पाळतीवर पथकें फिरूं लागलीं. पण तिचा शेवट बंदुकीनें झाला नाहीं. १४ ऑक्टोबर २०१७ रोजीं कारंजा तालुक्यांत सिंदीविहिरी गांवच्या शिवारांत पिकाभोंवतीं ओढलेल्या विजेच्या तारेला लागून ती मेली.

ही बातमी वाचून कोणी हळहळले, कोणी सुटकेचा श्वास सोडला. ज्यांच्या घरचें माणूस गेलें त्यांनीं सुटकेचा श्वास सोडला, तर त्यांना नांवें ठेवण्याचा अधिकार तुम्हां-आम्हांला नाहीं. माझ्यापुढें मात्र ती तार उभी राहिली. ती तार कोणाचीही असूं शकली असती. ती आमची असूं शकली असती.

हिवाळा लागतो तसे रानांत आणि तलावांवर पाहुणे उतरतात. हिमालय ओलांडून येणारे, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकदंब हंस, आणि जोडीजोडीनें फिरणारे केशरी रंगाचे चक्रवाक आपल्या जिल्ह्याच्या पाणवठ्यांवर दिसूं लागतात. तारेवर, खांबावर नीलपंख बसलेला असतो. बसला असतां मळकट वाटतो, आणि उडाला कीं निळ्या रंगाची उधळण होते. वर्ध्याच्या नागरिकांनीं मतदान करून त्याला आपला शहरपक्षी निवडला, ही मोठ्या कौतुकाची गोष्ट आहे. याच दिवसांत सांबराचे नर आपापसांत झुंजतात. शिंगांवर शिंगें आपटल्याचा आवाज पहाटेच्या थंडींत दूरवर पोंचतो.

आणि याच दिवसांत शेतकऱ्याला रात्रीं वावरांत जावें लागतें. शेतीपंपाची वीज पाळीपाळीनें येते. पाळी रात्रीची आली, कीं हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी देण्यासाठीं अंधारांत, एकट्यानें, पायाखालचें न दिसतां दारें धरावीं लागतात. आपण शहरांत दिवा लावून वाघाचे लेख वाचतों, त्या घटकेला एखादा माणूस वाघाच्या वाटेवर वांकून पाण्याचा बांध फोडीत असतो. शेतीपंपाला दिवसा वीज मिळावी, ही मागणी आपण शेतकऱ्यांची समजतों. माझ्या मतें ती वाघाचीही मागणी आहे.

तरुण वाघांविषयींही येथेंच सांगतों. वाघाचें पिल्लूं आईपाशीं सुमारें दोन वर्षें राहतें. पुढें त्याला, विशेषतः नराला, स्वतःचा मुलूख शोधावा लागतो. आणि १३८ चौरस किलोमीटरांत असे मुलूख किती निघणार? म्हणून तो बाहेर पडतो. यवतमाळ जिल्ह्यांतील तिपेश्वरचा एक तरुण वाघ २०१९ सालीं असाच निघाला आणि पांच-सहा महिन्यांत १,३०० किलोमीटरांहून अधिक चालून बुलढाणा जिल्ह्यांतील ज्ञानगंगा अभयारण्यांत पोंचला. गळ्यांतील पट्ट्यामुळें त्याचा प्रवास कळला; ज्यांच्या गळ्यांत पट्टा नसतो, त्यांचा शेवटच तेवढा कळतो. बोरच्या रानांत वाढलेला ‘बाजीराव’ नांवाचा नर वाघ डिसेंबर २०१७ मध्यें नागपूर-अमरावती महामार्गावर, बाजारगांवच्या बाजूला, वाहनाच्या धडकेनें मेला. वाघीण तारेनें गेली त्याला तीन महिनेही झाले नव्हते. एक धान्याच्या राखणींत गेली, दुसरा आपल्या घाईंत गेला. अलीकडे समृद्धी महामार्ग बांधतांना वन्य प्राण्यांसाठीं रस्त्याखालून आणि वरून वाटा ठेवण्यांत आल्या, हें चांगलें झालें. पण जुन्या रस्त्यांना अशा वाटा नाहींत. तेथें वाट ठेवावयाची ती गाडी हांकणाऱ्याच्या विवेकानें.

फाल्गुनांत पळस फुलतो आणि रानाची परीक्षा सुरू होते. सागाचीं पानें गळून जमिनीवर वीतभर थर सांचतो. ठिणगी पडली कीं पेटतो. म्हणून वनखातें आधींच जाळरेषा काढतें. म्हणजे ठराविक रुंदीचे पट्टे साफ करून ठेवतें, कीं आग एका बाजूची दुसऱ्या बाजूला जाऊं नये. चैत्रांत मोह गळूं लागतो. रात्रभर टपटप पडलेलीं तीं रसदार फुलें वेंचावयास पहाटे बायाबापड्या येतात, आणि त्याच फुलांसाठीं अस्वलही येतें. दोघांनाही तें अन्न आहे. फुलें पानांत हरवूं नयेत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवण्याची रीत आहे. वारा फिरला कीं ती आग रानांत शिरते. पाचोळा पेटवण्याऐवजीं झाडून काढला, किंवा झाडाखालीं जुनें लुगडें पसरलें, तरी काम भागतें. ही साधी गोष्ट वर्गांत शिकवावयास मला पाठ्यपुस्तकाची गरज नव्हती. मीं ती शिकवली, पण नोकरीच्या शेवटच्या चार वर्षांत.

वैशाखांत नाले आटतात. मग जलाशयाचा कांठ आणि रानांत बांधलेले पाणवठे, एवढाच जनावरांना आधार उरतो. पूर्वीं टँकरनें पाणी ओतीत. आतां पुष्कळ ठिकाणीं उन्हावर चालणारे पंप बसवले आहेत. ज्या उन्हानें नाला आटवला तेंच ऊन पाणी वर काढतें. पण यांतही तारतम्य लागतें. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर उद्यानांत पूर्वीं जागोजाग विंधनविहिरी करून जनावरांना बारमाही पाणी दिलें. परिणाम असा झाला, कीं कोरड्या भागांतही झेब्रे गोळा झाले, त्यांच्यामागून सिंह आले, आणि तेथल्या उंच गवतांत राहणारें रोआन जातीचें दुर्मिळ हरीण भराभर कमी झालें. शेवटीं त्यांतले बरेचसे पाणवठे त्यांना बंद करावे लागले. दया करतांनाही हिशेब लागतो, हें त्यावरून ध्यानांत घ्यावें.

वैशाखांतल्या बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून, चांदण्यांत पाणवठ्यावर आलेलीं जनावरें मोजण्याची प्रथा आपल्याकडे आहे. ती रात्र अनुभवासाठीं फार सुंदर. पण वाघांची मोजदाद आतां तिच्यावर अवलंबून नाहीं. वाटेच्या दोन्ही बाजूंस आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे बसवतात. माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणें प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात, आणि डाव्या-उजव्या कुशीचेही सारखे नसतात, म्हणून कॅमेरे दोन. या रीतीनें २००६ सालीं देशांत १,४११ वाघांचा अंदाज निघाला होता; २०२२ सालीं तो ३,६८२ निघाला. आपल्या महाराष्ट्रांत २०१८ सालीं ३१२ होते, ते २०२२ सालीं ४४४ झाले. आंकडे पाहून आनंद वाटतो. पण वाघ वाढले, जमीन वाढली नाहीं. आणि वाढलेले वाघ राहावयास येतात ते तुमच्या-माझ्या शहरांत येत नाहींत, त्या रात्रपाळीच्या शेतकऱ्याच्या वावरांत येतात.

म्हणून माझें सांगणें एवढेंच, कीं बोरचें रान त्याच्या सीमेच्या आंत राखलें जात नाहीं. आंतल्या वनरक्षकाची मेहनत मोठी आहे. पण तें राखलें जातें किंवा गमावलें जातें तें भोंवतालच्या धुऱ्यावर. जो शेतकरी धुऱ्यावर एकटा पडतो, तो तार ओढतो. त्याला शिव्या देऊन तार निघत नाहीं. आमची निघाली ती अशी. बैलाच्या त्या प्रसंगानंतर भावानें आकडा काढला, पण राखणीचा प्रश्न उरलाच. पुढें शेजारच्या तिघांनीं मिळून सौरकुंपण केलें. त्यांतला एक, तो बैल ज्याचा मेला तोच शेजारी. अशा कुंपणाला सरकारी योजनेंतून मदतही मिळते. आकड्याच्या तारेंत वीज सलग वाहते. स्नायू आंखडतात, आणि जनावर असो कीं माणूस, त्याला सुटतां येत नाहीं. सौरकुंपणांत विजेचा ठोका सेकंदाला एखादा, आणि तोही क्षणाच्या अगदीं लहान अंशापुरता बसतो. जनावर दचकतें, मागें फिरतें आणि जिवंत राहतें. भावाचा एकट्याचा खर्च झेपला नसता, तिघांचा झेपला. रानडुकरें अजूनही कधीं खालून शिरतात. तेव्हां जागल असतेच, पण ती आतां तिघांत वांटलेली असते.

शहरांत राहणाऱ्या श्रोत्यांनीं काय करावें? रात्रीं रानालगतच्या रस्त्यावर गाडी हळू हांकावी. रान पाहावयास गेलांत, तर वाघ दिसला नाहीं म्हणून वाटाड्यावर रुसूं नये. नवरंग दाखवा म्हणावें. आणि वाघाच्या हल्ल्यांत कोणी मेल्याची बातमी वाचली, तर वाघाचा किंवा माणसाचा पक्ष घेण्यापूर्वीं तो माणूस त्या वेळीं तेथें कां गेला होता, एवढें विचारावें. बहुधा उत्तर विजेच्या पाळींत, मोहाच्या टोपलींत किंवा उभ्या पिकांत सांपडेल.

येत्या आषाढांत नातवाला मी गांवीं नेणार आहें. रान बंद असेल, हें मला माहीत आहे. आम्ही धुऱ्यावर उभे राहूं. तेथून कड दिसते, पावशा ऐकूं येतो, आणि चिखलांत कोण येऊन गेलें हें वाचतां येतें. सेरेंगेटीची वारी त्यानें पाहिली आहे. ही आपल्या दारावरून जाणारी वाट त्याला दाखवावयाची राहिली आहे. आणि त्याच्या आजोबानें एकदां गप्प राहून काय केलें, तेंही त्याला त्याच धुऱ्यावर सांगणार आहें.